सोबत्याची मर्जी राखणं वेगळं, सोबत्याचा स्वभाव घडणं वेगळं

घाटमाथा | शुक्रवार, रात्री ११:४०

रसभंगाचा इशारा आधीच देतो. ‘ड्रॅगन एज’, ‘कोटॉर २’, ‘न्यू व्हेगास’, ‘बॉल्डर्स गेट ३’ या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमांच्या (आरपीजी) कथानकांतल्या शेवटापर्यंतच्या गोष्टी इथे येणार. सोबती म्हणजे या गेममध्ये खेळाडूबरोबर फिरणारी पात्रं. खेळायचं राहिलं असेल तर इथूनच मागे फिरा.

‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ (२०१४) सध्या तिसऱ्यांदा खेळतोय. भाची शिकायला आमच्याकडे असते. ती स्वतः कंट्रोलर हातात घेत नाही, पण रात्री जेवणं झाली की शेजारी येऊन बसते आणि गोष्टीतला एक धागा सुटू देत नाही.

यातला आपला सोबती कोल आठवत असेल. मोठ्या कडांची टोपी, डोळ्यांवर आलेले केस, तुटक वाक्यं. खरं तर तो मुलगा नव्हेच. कोल नावाचा एक जादूगार मुलगा व्हाइट स्पायर या मनोऱ्याच्या तळघरात डांबला गेला, टेम्प्लर (जादूगारांवर पहारा ठेवणारा सैनिक) त्याला तिथे विसरून गेला आणि तो भुकेने मेला. त्याच्या वेदनेकडे ओढला गेलेला करुणेचा एक आत्मा त्याला वाचवू शकला नाही. तो गेल्यावर त्याचंच रूप घेऊन हा आत्मा जगात वावरू लागला. आपल्याबरोबर फिरतो तो हा.

त्याला भीती एकच. कुणीतरी आपल्याला मंत्राने बांधेल आणि आपल्या हातून माणसांना इजा करवेल. म्हणून आपण त्यापासून वाचवणारा ताईत शोधून आणतो, तर तो ताईत लागूच पडत नाही. आत काहीतरी अडलेलं असतं. त्या अडलेल्या गोष्टीचा माग काढत रेडक्लिफला पोचावं, तर समोर तोच टेम्प्लर. आपला एक सोबती सोलस म्हणतो, कोल मुळात आत्मा आहे, त्याने माफ करावं म्हणजे गाठ सुटेल. दुसरा सोबती व्हॅरिक म्हणतो, तो आता माणूस होत चाललाय, त्याला राग येऊ दे, माणसासारखा त्यातून जाऊ दे. आणि दोघंही माझ्याकडे बघतात.

तेवढ्यात भाचीने विचारलं, “मामा, पण कोलला कुणी विचारलंय का?”

मी पर्याय पुन्हा वाचले. व्हॅरिकचं ऐका किंवा सोलसचं ऐका. तिसरं काही नाही. आधीच्या दोन्ही वेळा मी इथे दहा सेकंदही थांबलो नव्हतो. या खेपेला गेम सेव्ह करून बंद केला. चार दिवस झाले, अजून उघडलेला नाही.

या चार दिवसांत एक गोष्ट लख्ख झाली. आपण ‘चॉइस’ या एकाच शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी कोंबतो. पहिली म्हणजे अप्रूव्हल. गरिबाला मदत केली की एकाची मर्जी वाढते, दुसऱ्याची उतरते. ही मर्जी. ती राखायची असते, आणि पुरेशी राखली की तो आपल्याला गुपितं सांगतो, कधी प्रेमातही पडतो. पण माणूस तोच राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे असा क्षण, ज्याच्यानंतर तो माणूसच वेगळा होतो.

याच गेममधला सोबती आयर्न बुल घ्या. स्टॉर्म कोस्टवर त्याची चार्जर्सची टोळी टेकडीवर अडकलेली, समुद्रात कुनारींचं, म्हणजे त्याच्याच लोकांचं, जहाज. टोळीला माघारीचा इशारा दिला तर जहाज जातं. जहाज वाचवलं तर त्याची माणसं त्याच्या डोळ्यांदेखत मरतात. माणसं मरू दिली, तर पुढे २०१५च्या ‘ट्रेसपासर’ या जोडभागात वरून हुकूम येताच तो आपल्यावर शस्त्र उचलतो. मर्जीचा आकडा कितीही वर असो, त्याच्याशी रोमान्स झालेला असो, काही फरक पडत नाही. त्या टेकडीवर आपण त्याला जे शिकवलं तेच तो करतो. त्याच्यात जी माया होती तिची किंमत शून्य आहे, हे आपणच त्याला सांगितलेलं असतं.

मला वाटतं, सोबत्याचा स्वभाव घडवणं म्हणजे हे. तुमच्या आठवणीतले असे क्षण लिहा. नुसती नावं नकोत, काय केलंत आणि तो माणूस पुढे कसा झाला तेही सांगा.

पागोळी | शुक्रवार, रात्री ११:५८

चार्जर्स. मी जहाज वाचवलं होतं. टोळीतला क्रेम मेल्यावर बुल फार काही बोलला नाही, म्हणून मला वाटलं की सावरला. ‘ट्रेसपासर’च्या त्या क्षणी मी हेडफोन काढून ठेवले आणि घरात फेऱ्या मारल्या. त्यानंतर कुठल्याच प्लेथ्रूमध्ये त्या टोळीला मरू दिलेलं नाही.

कातळशिल्प | शनिवार, सकाळी ८:१५

धागा मनाजोगता. माझ्या लेखी या विषयावर सगळ्यात खोल गेलेला गेम २००४ सालचा आहे: ‘स्टार वॉर्स’च्या जगातला ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’, म्हणजेच ‘कोटॉर २’. ऑब्सिडियन कंपनीने तो घाईत पूर्ण केला, शेवट अर्धामुर्धा राहिला, हे सगळं मान्य. पण सोबत्यांबाबत त्याने जे केलं ते नंतर कुणाला इतक्या धिटाईने करता आलेलं नाही.

तिथे मर्जीला ‘इन्फ्लुअन्स’ म्हणतात, आणि हा शब्द मुद्दाम निवडलाय. एखाद्यावर तुमचा प्रभाव वाढला की तो तुमच्या बाजूला सरकतो. तुम्ही उजेडाकडे चाललात तर तोही, अंधाराकडे चाललात तर तोही. ॲटन, बाओ-डर, मीरा या सोबत्यांना तुम्ही जेडायसुद्धा करू शकता. पहिल्यांदा खेळताना वाटतं, वा, आपले सोबती किती निष्ठावान. मग गेम हळूहळू तुम्हालाच विचारू लागतो की ही माणसं तुमच्यामागे का येतात. शेवटाकडे जेडाय गुरू सांगतात की तुम्ही फोर्समधली एक जखम आहात. नकळत दुसऱ्यांशी बंध जोडता आणि त्यांना ओढून घेता. म्हणजे इतर गेममध्ये जो पडद्यामागचा हिशोब असतो, तोच इथे कथेतला आरोप आहे. घाटमाथा, तुमच्या भाचीने विचारलेला प्रश्न या गेमने वीस वर्षांपूर्वी खेळाडूच्या तोंडावर विचारला होता.

आणि तुमच्याबरोबरची म्हातारी, क्रेया. नार शादा या चंद्रावर एक भिकारी पैसे मागतो. मी दिले. आरपीजीत भिकाऱ्याला पैसे द्यायचे आणि पुढे जायचं, ही सवयच. क्रेया तिथेच थांबवते. का दिलेस, विचारते. मग दाखवते: त्याच्या हातात पैसे बघून दुसऱ्या एका निर्वासिताने त्याला गल्लीत गाठलंय आणि मारून लुटलंय. चिडून मी जुना सेव्ह उघडला आणि त्याला हाकलून दिलं. तेव्हाही तिने दाखवलं: तोच भिकारी चिडून दुसऱ्या कुणावर तरी तुटून पडलाय. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. बाकी सगळे सोबती तुमच्यामुळे घडतात. ही म्हातारी तुम्हाला घडवायला आलेली असते.

रानजाई | शनिवार, सकाळी १०:३०

वाचतेय, आणि पटत असूनही एक गोष्ट अडते. ती मांडते.

‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये (२००९) ॲलिस्टेअर हा सोबती आपल्या सावत्र बहिणीला, गोल्डानाला, शोधत डेनेरिम शहरात जातो. आयुष्यभर त्याला कुणी घरचं माणूस नव्हतं. मोठी आशा घेऊन गेलेला असतो. गोल्डाना त्याला दारातच झिडकारते, दोष देते, पैसे मागते. बाहेर आल्यावर तो खचलेला असतो आणि तेव्हा तुम्ही त्याला म्हणू शकता की जग असंच आहे, जो तो आपलं बघतो, तूही शीक.

मी ते म्हणाले. तेव्हा मला वाटलं मी त्याची समजूत घालतेय. नंतर कळलं की याला खेळाडू ‘हार्डन’ करणं म्हणतात. त्या एका वाक्याने तो कठोर झाला, पुढे राजा व्हायला राजी झाला, ॲनोरा राणीशी लग्नालाही तयार झाला. राज्याच्या दृष्टीने उत्तमच. पण जो मुलगा चीजवरून विनोद करायचा आणि ज्याला फक्त एक घर हवं होतं, त्याला मी एका वाक्यात संपवलं. इथपर्यंत तुमचंच म्हणणं.

माझी अडचण पुढे आहे. मोठ्या, कळत्या माणसाच्या आयुष्याचा निर्णय मी का घ्यायचा? ‘द व्हेलगार्ड’मध्ये (२०२४) तर हे फारच उघडं झालंय. एमरिक हा सोबती म्हणजे वयस्क प्राध्यापक, मृत्यूविद्येत जन्म गेलेला, आणि स्वतःच्या मरणाला घाबरणारा. त्याने लिच (मरूनही जिवंत राहणारा जादूगार) होऊन अमर व्हावं की ती आयुष्यभराची इच्छा सोडून मॅनफ्रेडला परत आणावं, हे कोण ठरवतं? काही महिन्यांपूर्वी ओळख झालेला रूक, म्हणजे खेळाडू. मॅनफ्रेड म्हणजे तो सांगाडा, ज्याला त्याने पोरासारखं वाढवलं. प्रसंग सुंदर लिहिलाय, मी रडले. पण पन्नाशी उलटलेला माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो, तेव्हा त्याचं माणूसपणच थोडं कमी होतं. स्वभाव घडवण्याच्या नावाखाली सोबत्याला कणाच उरत नाही.

अर्धविराम | शनिवार, दुपारी १:०५

मी गेम बनवणाऱ्या एका छोट्या चमूत संवादांचं प्रोग्रॅमिंग करतो, म्हणून आतली बाजू सांगतो. रानजाईंना जे खटकतं त्याचं निम्मं कारण तिथे आहे.

मर्जी म्हणजे एक आकडा. तो वाढवायला, घटवायला काही पडत नाही. शंभर ठिकाणी पाच-पाच गुण टाकले की काम झालं. स्वभाव बदलला हे दाखवायचं तर मात्र त्या बदलानंतरचं प्रत्येक वाक्य दोनदा लिहावं लागतं, दोनदा रेकॉर्ड करावं लागतं. रस्त्यात चालताना सोबती आपसात गप्पा मारतात, त्यात दोघांचेही स्वभाव दोन-दोन प्रकारचे असले तर एका गप्पेच्या चार आवृत्त्या होतात. तिघे असले तर आठ. म्हणून बहुतेक गेम एकच वळण ठेवतात, ते शक्य तितकं उशिरा ठेवतात, आणि ते खेळाडूच्या हातून चुकू नये म्हणून समोर मोठं बटण ठेवतात. कोलच्या बाबतीत त्यांनी हा खर्च केलाय. वळणानंतर त्याचं बोलणं खरोखर बदलतं. पण तिसऱ्या वाटेचा खर्च त्यांनी केला नाही, आणि माझ्या अनुभवावरून सांगतो, तो मागायला गेलो तर मलाही कुणी दिला नसता.

खर्च न झाल्यावर काय होतं याचं उदाहरण ‘मास इफेक्ट’. पहिल्या भागात (२००७) डॉक्टर सेलियनच्या प्रकरणात मी गॅरस या सोबत्याला समजावलं होतं की कायदा हातात घ्यायचा नाही, आणि तो ऐकतो. २०१०च्या दुसऱ्या भागात तो ओमेगा या अवकाशस्थानकावर स्वतःच न्याय करत बसलेला सापडतो. पहिल्यांदा त्याला काहीही शिकवलेलं असो. गॅरस मला प्रिय आहे, पण ते पाहून माझं काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटलं.

रानजाई, तुमच्या कण्याच्या मुद्द्यावर ‘ड्रॅगन एज २’ (२०११) पुन्हा बघा असं सुचवेन. तिथे मर्जीच्या पट्टीचं एक टोक मैत्री आणि दुसरं टोक ‘रायव्हलरी’. रायव्हलरी म्हणजे वैर नव्हे. तो तुमच्याबरोबरच राहतो, तुमचा मान ठेवतो, फक्त तुमच्याशी कडाडून भांडतो. ॲंडर्स या जादूगार सोबत्याला सतत विरोध केला तर तो स्वतःवरच शंका घ्यायला लागतो, शेवटी टेम्प्लरांच्या बाजूने उभं राहायलाही त्याला राजी करता येतं. पण चॅंट्री, म्हणजे तिथलं देऊळ, तो उडवतोच. मैत्री असो वा विरोध. त्याच्यातलं एक काहीतरी माझ्या हाताबाहेर ठेवलंय. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी तो गेम माझ्यासाठी मोठा झाला.

तांबडफुटी | शनिवार, रात्री ९:२०

इथे पहिल्यांदाच लिहितेय. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’मधल्या (२०१०) लिलीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

लिली ही सोबतीण जेकबस्टाउनला बिगहॉर्नर नावाची मेंढरं राखते. आकाराने राक्षस, निळी कातडी, हातात भलंमोठं पातं, आणि बोलते मात्र आजीसारखी. खेळाडूला नातवंडच समजते. एके काळी ती खरोखर आजी होती, मग तिला सुपर म्युटंट करण्यात आलं. आता डोक्यात लिओ नावाचा आवाज आहे, तो तिला मारायला उठवतो. औषध पूर्ण घेतलं तर लिओ गप्प होतो, पण नातवंडांच्या आठवणीही पुसट होत जातात. म्हणून ती अर्धाच डोस घेते. तिच्याजवळ नातवंडांच्या आवाजाची एक टेप आहे, ती ऐकते. आणि डोस पूर्ण, अर्धा की बंद, हे तुमच्या सांगण्यावर ठरतं.

माझ्या आजीला शेवटची दोन वर्षं भास व्हायचे. गोळी दिली की भास थांबायचे, पण दिवसभर ती भिंतीकडे बघत बसायची. मला ओळखायची नाही. गोळी चुकली की ओरडायची, पण मधेच मला नावाने हाक मारायची, “आलीस का गं?” आईने आणि मी किती रात्री स्वयंपाकघरात उभं राहून गोळीची पट्टी हातात धरून बोललोय. अर्धी द्यावी का, डॉक्टरांना पुन्हा विचारावं का.

लिलीला मी अर्धाच डोस चालू ठेव म्हणाले. लढाईत ती भान हरपून धावते, त्याचा त्रास होतो, गेम अवघड होतो. तरी तेच. रानजाई, तुम्ही विचारता मोठ्या माणसाचा निर्णय आपण का घ्यायचा. कधी कधी तो आपल्या हातात येऊन पडतो. तेव्हा इतकंच बघायचं की त्या माणसाने स्वतः आधी काय निवडलं होतं. लिलीने अर्धा डोस स्वतः निवडला होता.

रानजाई | शनिवार, रात्री १०:४५

तांबडफुटी, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. हो, हा भाग माझ्या ध्यानात आला नव्हता. एमरिकचा विचार मी या बाजूने पुन्हा करेन.

कातळशिल्प | रविवार, सकाळी ७:५०

तांबडफुटी, लिहीत राहा.

घाटमाथा, कोलला कुणी विचारलं नाही हे पूर्ण खरं नाही. त्याने स्वतःच सांगितलं होतं की आपल्यातल्याच कुणीतरी मला आधी बांधा, म्हणजे दुसरं कुणी बांधून माझ्या हातून कुणाला इजा करवणार नाही. त्याला काय हवंय ते त्याने सुरुवातीलाच सांगितलंय. फक्त त्याला जे हवं होतं ते होऊ शकलं नाही, आणि तिथून पुढे सगळे त्याच्या वतीने बोलू लागले.

आणखी एक राहिलं. ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ (१९९९). डॅकॉन हा योद्धा तुमच्या मृत्यूपर्यंत सेवा करण्याच्या शपथेने बांधलेला, आणि तुम्ही तर मरतच नाही. त्याच्याकडे झर्थिमॉनचं एक दगडी चक्र असतं. त्यातली शिकवण तो तुम्हाला देतो. एकेक वर्तुळ फिरवत जाता जाता एका जागी तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त उमजतं आणि तुम्ही शिष्याचे गुरू होता. त्याच्या तलवारीचं पातं त्याच्या मनाप्रमाणे रूप बदलतं, तुम्ही त्याचा विश्वास सावरलात की तेही सावरतं. मग कळतं की ते चक्र तुमच्याच एका पूर्वजन्माने, श्रद्धा ढळलेल्या या माणसाला स्वतःशी जखडून ठेवण्यासाठी, त्याच्या हातात दिलं होतं. सोबत्याला घडवण्याचं काम तुम्ही गेम सुरू होण्याआधीच करून बसलेले असता, तेही सगळ्यात वाईट हेतूने. आता उरतं ते निस्तरणं. मर्जीची पट्टी नाही, मोठं बटण नाही. नुसत्या शब्दांनी केलंय.

घाटमाथा | रविवार, रात्री ११:१५

कातळशिल्प, दुरुस्ती मान्य. भाचीलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, “मग तर आणखी वाईट.”

तांबडफुटी, तुमचा प्रतिसाद तिने माझ्या हातातून फोन घेऊन स्वतः वाचला. बराच वेळ काही बोलली नाही.

काल रात्री कोलला तसंच ठेवून ‘बॉल्डर्स गेट ३’ (२०२३) उघडला. दुसऱ्या अंकाच्या शेवटाशी येऊन थांबलेला एक सेव्ह होता. आपली सोबतीण शॅडोहार्ट शॅडोफेल या छायालोकात उभी, हातात अंधाराची देवी शार हिचा भाला, समोर बंदिवान नाइटसॉंग. तिला मारलं की शॅडोहार्ट डार्क जस्टिसियर, म्हणजे शारची योद्धा, होणार. लहानपणापासून तिला याच एका क्षणासाठी वाढवलेलं आहे, तेही तिच्या आठवणी पुसून. मी पूर्वी खेळलो तेव्हा तिला थांबवण्याचा पर्याय घेतला होता. फासा टाकला, लागला, ती थांबली. मला वाटलं मी तिला वाचवलं.

या वेळी पर्याय समोर आले आणि भाची म्हणाली, “काही बोलू नकोस.” तिथे तसं करता येतं. तिच्यावर सोपवता येतं. मी पहिल्यांदा तेव्हाच नीट पाहिलं. तिचा तुमच्यावर पुरेसा विश्वास बसलेला असेल तर तुम्ही गप्प राहिल्यावरही ती तो भाला फेकून देते, आणि मग ते थांबणं तिचं असतं. रानजाई, तुम्ही ज्या कण्याबद्दल लिहिलंत तो मला इथे दिसला. अर्धविराम, मर्जी वाढली तरी माणूस तोच राहतो असं मी धाग्याच्या सुरुवातीला लिहिलं, ते इथे तोकडं पडतं. इतके दिवस छावणीत बसून तिच्याशी जे बोललो, तिने सांगितलं नाही तेव्हा खोदून विचारलं नाही, ते सगळं तिथे तिच्या हाताशी होतं. मी फक्त गप्प होतो.

ती भाला उचलते. मग काही क्षण काहीच होत नाही. भाचीने माझ्या मनगटावर हात ठेवला होता, मी चुकून बटण दाबू नये म्हणून. मग भाला खाली अंधारात गेला.

नंतर छावणीत आलो तर केस पांढरे करून आली होती. भाची म्हणाली, “हे तिला कुणी सांगितलं?” कुणीच नाही, म्हणालो.

कोलचा सेव्ह उद्या उघडणार आहे. ज्यांनी दोन्ही वाटा खेळल्यात त्यांना एक विचारायचं आहे. आत्मा झालेला कोल स्वतःचं दुःख विसरतो, माणूस झालेला कोल ते बाळगून जगतो. त्या वळणाच्या आधी, स्कायहोल्ड या आपल्या किल्ल्यावर तो ज्या गोष्टी आपणहून करत असतो, लोकांच्या उशाशी, स्वयंपाकघरात, जखमींजवळ, त्यातून त्याचा स्वतःचा कल कुठे दिसतो? तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. मी ते वाचून मगच ठरवेन.

पागोळी | रविवार, रात्री ११:३१

जखमींच्या तंबूजवळ थांबून त्याचं बोलणं ऐका. घाई करू नका, तो एकेका माणसाबद्दल बोलतो. मी उद्या माझा सेव्ह उघडून नीट लिहून पाठवते.